बुडालेली रिमोट बोट पुन्हा पाण्यात: एका दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बोट साधारण ७० सेंटिमीटर लांबीची, फायबरग्लासची, खोल 'व्ही' तळाची. आत पाण्याने थंड होणारी ब्रशलेस मोटर, तसाच पाण्याने थंड होणारा स्पीड कंट्रोलर (पुढे सोयीसाठी ईएससी), तीन सेलची ५००० एमएएच लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर आणि सुकाणू ठरावीक कोनात फिरवायला एक सर्वो (छोटी मोटर). मोटरपासून पाण्यातल्या पंख्याकडे (प्रोपेलरकडे) लवचिक शाफ्ट जातो, तो पितळी नळीतून बाहेर पडतो. सगळं मिळून वजन २ किलोच्या थोडं आत.

मालक कॉलेजात शिकणारा मुलगा. बोट त्याने वापरलेली घेतली होती आणि आधीची छोटी बॅटरी काढून मोठी बसवली होती. जागा पुरेना म्हणून पुढच्या भागातला फोम त्याने काढून टाकला. त्या फोमकडे त्याने पॅकिंग म्हणून पाहिलं. प्रत्यक्षात बोटीत पाणी भरलं तर तिला तरंगत ठेवणारी तीच एक गोष्ट होती.

थंड करण्याची व्यवस्था इथे समजून घ्यायला हवी, कारण सगळं प्रकरण तिथेच सुरू झालं. अशा बोटीत पंप नसतो. सुकाणूच्या पात्यात एक बारीक छिद्र असतं. बोट वेगात निघाली की त्या वेगाच्याच दाबाने पाणी छिद्रात शिरतं, सिलिकॉनच्या नळीतून आधी ईएससीत, मग मोटरच्या आवरणात जातं आणि हलच्या (बोटीच्या सांगाड्याच्या) बाजूच्या छिद्रातून धार होऊन बाहेर पडतं. ती धार काठावरून दिसते.

बोट कशी बुडाली

तलाव गोड्या पाण्याचा, वारा बेताचा. काही फेऱ्या नीट झाल्या आणि बाजूची धार थांबली. मुलाने ते पाहिलं. छिद्रात शेवाळ अडकलं असेल, ही फेरी पुरी करून बोट आणू, असं त्याला वाटलं. मग बोट वळणावर जड वाटायला लागली, नाक वर आणि शेपूट खाली. ती लवकर काठाला लागावी म्हणून त्याने थ्रॉटल पूर्ण दिला. आतलं पाणी एकदम मागे धावलं, झाकणाची मागची कड पाण्याखाली गेली, मोटर बंद पडली आणि काठापासून सुमारे ४० मीटरवर बोट शेपटाकडून खाली गेली.

पहिला निर्णयाचा क्षण धार थांबली तेव्हाचा. धार थांबण्याची कारणं दोनच: पाणी आत येत नाही, किंवा येतंय पण भलतीकडे जातंय. पहिल्यात ईएससी तापून जळतो, दुसऱ्यात बोट भरते. कुठल्याही कारणाने थांबली तरी थ्रॉटल उतरवून जवळचा काठ गाठणं हेच बरोबर.

थ्रॉटल उतरवण्याने किती फरक पडतो याचा हिशेब करता येतो. सेकंदाला १० मीटर वेगाने जाणाऱ्या बोटीच्या छिद्रावर साधारण ५० किलोपास्कल दाब येतो. सेकंदाला १ मीटर वेगाला तोच दाब पाण्याला जेमतेम ५ सेंटिमीटर वर चढवतो, आणि अर्ध्या मीटरला १ सेंटिमीटरच्या थोडंसं वर. या बोटीत ईएससीचं तोंड पाणरेषेच्या वर होतं. म्हणजे अगदी रांगत आणली असती तर पाणी आत येणं जवळपास थांबलं असतं. उलट वेगात, ३ मिलिमीटर पोटाच्या नळीतून बोट जितकी मीटर पुढे जाईल त्या प्रत्येक मीटरला जास्तीत जास्त ७ मिली पाणी आत येऊ शकतं. घर्षणात त्यातलं निम्मं गेलं असं धरलं तरी ३०० मीटरच्या धावेत एक लिटर. दोन किलोच्या बोटीत एक लिटर पाणी म्हणजे खेळ संपल्यात जमा.

वर काढणं

बोट गेल्यावर मुलाने एक फार शहाणपणाची गोष्ट केली: तो जागचा हलला नाही. बोट जिथे दिसेनाशी झाली ती जागा समोरच्या काठावरच्या विजेच्या खांबाच्या रेषेत होती, ते त्याने मनाशी पक्कं केलं. मित्राला काठाने दुसरीकडे पाठवून त्याच्याकडून दुसरी रेषा घेतली. दोन रेषा जिथे छेदतात तिथे बोट. हे न करता काठावर धावाधाव केली की मिनिटाभरात अंदाज वीस-तीस मीटरने चुकतो, आणि गढूळ पाण्यात एवढी चूक पुरेशी आहे. रेडिओचा इथे काही उपयोग नसतो, २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यात झपाट्याने विरतो.

पोहत जाऊन बुडी मारायची सूचना मित्राने केली होती. ३ मीटर खोल पाणी, तळाला चिखल, वर पाणवनस्पती. ती सूचना बाजूला ठेवली हे उत्तम झालं. काठावरून दोरीला गळ बांधून फेकणं एवढ्या अंतरावर जमत नव्हतं. शेवटी वल्ह्याची एक होडी मिळाली, दोघं लाइफ जॅकेट घालून गेले आणि वजन लावलेला तीन हुकांचा गळ तळाशी सावकाश ओढत राहिले. गळ सुकाणूच्या कंसात अडकला. बोट वर आली तोपर्यंत ती दोनेक तास पाण्याखाली होती, बॅटरी जोडलेली.

पहिला तास

मला फोन आला तो होडीतूनच.

"काका, मिळाली! पाणी ओतून पुसून घेऊ का लगेच?"

"थांब. आधी बॅटरी सोडव आणि बोटीपासून लांब, उघड्यावर दगडावर ठेव. मग झाकण काढून आतले फोटो घे. पाणी त्यानंतर ओत. आणि रिमोट चालू करून बघू नकोस."

बॅटरी आधी, कारण ओल्या सर्किटमध्ये वीज वाहत राहिली की तांबं आणि सोल्डरचे जोड झपाट्याने खाल्ले जातात. पाण्याने भिजलेलं सर्किट बहुतेकदा वाचतं, वीज चालू असताना भिजलेलं क्वचित. हे सगळ्यांना पटतं. फोटोंचं महत्त्व मात्र पटवून द्यावं लागतं. बोट एकदा रिकामी केली, नळ्या उपसल्या, वायरी बाजूला सारल्या की पाणी कुठून आलं याचा पुरावा गेला. आणि तो गेला की माणूस इलेक्ट्रॉनिक्स बदलून, झाकणाला जास्तीची टेप लावून पुन्हा तलावावर जातो. माझ्या मते बुडालेल्या बोटीच्या दुरुस्तीतलं सर्वांत महत्त्वाचं काम हे फोटो आहेत, सोल्डरिंग नंतरचं.

आतल्या पाण्याचं माप घेण्यात अर्थ नव्हता. बुडालेली बोट भरलेलीच असते. पाहायचं असतं ते नळ्यांची टोकं, शाफ्टच्या नळीचं तोंड, झाकणाची कड आणि गाळ कुठे साचलाय ते.

फोटो झाल्यावर पाणी काढलं आणि चिखल वाळायच्या आत सगळं स्वच्छ पाण्याने धुतलं. पाणी खारं असतं तर याची घाई आणखी असती: वाळलेलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं आणि गंज थांबत नाही. समुद्रात बुडालेली बोट लगेच उघडता येत नसेल तर (बॅटरी काढून) सुटे भाग गोड्या पाण्यात बुडवून ठेवलेले बरे.

पाणी शिरलं कुठून?

फोटोत ईएससी आणि मोटर यांना जोडणारी नळी ईएससीकडच्या तोंडावरून निघालेली दिसत होती. तेवढ्याने सिद्ध काही होत नाही. गळाने बोट हिसडली तेव्हाही ती निघाली असेल. दोन गोष्टींनी निकाल लागला. एक, नळीचं ते टोक उष्णतेने कडक होऊन कर्ण्यासारखं पसरलं होतं आणि त्याला बोटाने ताणलं की दिसेल अशी बारीक चीर होती. दुसरी टोकं मऊ आणि घट्ट. दोन, बाजूची धार बुडण्याआधी थांबली होती, म्हणजे नळी तळ्याच्या तळाशी सुटलेली नव्हती. तिथे ना तारेचा फास होता ना केबल टाय.

तरीही इतर वाटा तपासल्याच. हल रिकामा करून वाळवला, आत सगळीकडे टिश्यू पेपर पसरला, झाकण टेपने बंद केलं आणि बोट टबात वजन ठेवून दाबून ठेवली. अर्ध्या तासाने उघडलं तर झाकणाखालचा कागद कोरडा, शाफ्टच्या नळीजवळचा ओला. तिथलं ग्रीस संपलं होतं. या झिरपण्याने बोट बुडाली नसती, पण प्रत्येक वेळी कपभर पाणी आत येत असणार आणि मुलाला त्याची सवय झालेली असणार. "थोडं पाणी येतंच" असं तो सहज म्हणालाही होता.

बॅटरी

सेल मोजले: ३.७१, ३.७० आणि ३.२८ व्होल्ट. पिशव्या फुगलेल्या नव्हत्या. मुलाच्या जिवात जीव आला.

"काका, तिसरा थोडा कमी आहे, पण चार्जरवर बॅलन्स होईल ना?"

मी त्याला बॅलन्स कनेक्टर भिंगाखाली दाखवला. चार पिना, एकमेकींपासून अडीच मिलिमीटरवर. टोकाच्या दोन पिनांमध्ये जवळपास ११ व्होल्ट. सर्वांत धन बाजूची पिन हिरवी पडून सुईइतकी बारीक झाली होती, ऋण बाजूची चकचकीत. दोन तास पाण्यातून वीज वाहिली होती ती अशी. चार्जर ज्या पिनांवरून सेलचा व्होल्टेज ओळखतो त्याच पिना खाल्लेल्या, आणि एकच सेल जास्त उतरलाय म्हणजे आवरणाखाली कुठेतरी ओल अजून आहे. कनेक्टर नवा लावता येतो. आवरणाखाली, सेलच्या पट्ट्यांपाशी काय झालंय ते कळत नाही. लिपो घरात पेट घेऊ शकते, तेव्हा या एका भागाबाबत मी तडजोड करत नाही. उघड्यावर, मोकळ्या जमिनीवर १२ व्होल्टच्या बल्बने ती पूर्ण उतरवली आणि ई-कचरा संकलनात दिली. मिठाच्या पाण्यात टाकून बॅटरी मारायची जुनी पद्धत आहे, ती आम्ही टाळली: पाणी आधी टर्मिनल खातं आणि आत चार्ज शिल्लक राहतो.

ईएससी, रिसीव्हर, सर्वो

ईएससी हा खरा पेच होता. पर्याय तीन: सरळ नवा घ्यायचा, नुसता वाळवून वापरायचा, किंवा उघडून साफ करायचा. मधला पर्याय लगेच बाद केला. हीटश्रिंकच्या (गरम केल्यावर आवळून बसणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणाच्या) आत अडकलेलं पाणी आठवडाभर जात नाही, आणि तांदळाच्या डब्यात ठेवण्यापेक्षा उघडून पंख्यासमोर ठेवणं केव्हाही चांगलं. ड्रायरची गरम हवा पाण्याला चिपखाली ढकलते, ओव्हनचा तर विषयच नको.

आवरण कापलं, बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने धुतला, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश. हे काम खिडक्या उघड्या ठेवून, बॅटरी आणि ज्योत यांच्यापासून दूर करायचं. मग दोन दिवस पंखा.

पहिल्यांदा वीज देताना मोटर जोडली नाही, रिसीव्हरही नाही. बॅटरीच्या वायरीत १२ व्होल्टचा मोटारगाडीचा बल्ब मालिकेत घातला. शॉर्ट असता तर बल्ब भगभगून पेटला असता आणि बोर्ड वाचला असता. तो लागला नाही. मग रिसीव्हरकडे जाणारा ५ व्होल्टचा पुरवठा मल्टीमीटरने मोजला. ही पायरी बरेच जण गाळतात. हा पुरवठा आतून बिघडलेला असला तर बॅटरीचे सगळे ११-१२ व्होल्ट रिसीव्हर आणि सर्वोवर जातात, आणि वाचलेले भाग टेबलावर मरतात. इथे ५.०२ आले. नंतरच मोटर जोडली. ईएससी चालला, म्हणून तो ठेवायचा ठरला. अट एक: फोम बसेपर्यंत आणि काही दिवस भरवशाचे जाईपर्यंत बोट काठाजवळच.

रिसीव्हरही टेबलावर व्यवस्थित चालत होता, पण तो बदलला. चिपच्या पायांखाली पांढरा थर होता आणि तो भाग बंद पडला तर बोट हातातून जाते. जुना आता फक्त टेबलावरच्या चाचण्यांना वापरायचा असं त्यावर लिहून ठेवलं. नव्याचा फेलसेफ लगेच तपासला: रिमोट बंद केला की मोटर थांबलीच पाहिजे.

सर्वो उघडला तर ग्रीसचं दुधाळ पाणी झालेलं. साफ करूनही एका ठरावीक कोनावर तो थरथरत होता, आतला कोन मोजणारा पोटेन्शिओमीटर तिथे खराब झाला होता. नवा, पाणी न जाणारा घेतला.

मोटर, शाफ्ट आणि हल

ब्रशलेस मोटरच्या गुंडाळीला वार्निश असतं, गोड्या पाण्याने तिचं सहसा काही बिघडत नाही. बिघडतात बेअरिंग. हाताने फिरवल्यावर कुरकुर लागली, दोन्ही बदलली. गुंडाळीची तपासणी सोपी आहे: तीनपैकी दोन वायरी एकत्र धरून शाफ्ट फिरवायचा, मग दुसरी जोडी, मग तिसरी. तिन्ही वेळा हाताला सारखाच अडथळा लागला पाहिजे. शिवाय कुठलीही वायर मोटरच्या धातूच्या आवरणाला लागत नाही ना, हे मीटरने पाहायचं. दोन्ही ठीक.

लवचिक शाफ्ट बाहेर ओढून गंज पुसला, पाण्यात न विरघळणारं ग्रीस भरलं. रिकामा हल मात्र नोंदवलेल्या वजनापेक्षा ४० ग्रॅम जड भरत होता. पाणी सर्वो बसवलेल्या प्लायवुडच्या फळीने प्यायलं होतं. तिच्या कडा कधी सील केलेल्याच नव्हत्या. ती काढून नवी, सगळ्या बाजूंनी इपॉक्सी लावून बसवली. गळाचा ओरखडा वरवरचा होता.

सगळ्या नळ्या नव्या. प्रत्येक जोडावर पातळ तारेचा फास, दोन वेढ्यांचा.

फोम किती?

"फोम भर" असं सांगणं सोपं; किती ते कोणी सांगत नाही. आम्ही बोट सगळ्या सामानासकट (नवी इलेक्ट्रॉनिक्स वगळून, त्यांच्या जागी तेवढ्याच वजनाचे लोखंडी नट-बोल्ट) मासे मोजायच्या स्प्रिंग काट्याला टांगली आणि पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवली. डेकखाली अडकलेले बुडबुडे हलवून काढले. काटा ९६० ग्रॅमवर थांबला. पाण्याच्या १ मिलीचं वजन १ ग्रॅम, म्हणजे ९६० मिली फोम घातला तर बोट मधल्यामध्ये लोंबकळेल. फोमचं स्वतःचं वजन धरून साधारण एक लिटर. वर दिसत राहायला त्याहून जास्त हवा. आम्ही १.४ लिटर धरला. लोखंड इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा कमी जागा व्यापतं, त्यामुळे ही चाचणी प्रत्यक्षापेक्षा कडकच होती.

कुठला फोम, यावर थोडी चर्चा झाली. डब्यातून फवारायचा पॉलियुरेथेन फोम मुलाला आवडला होता, कारण तो कानाकोपऱ्यात जातो. पण फुगताना तो पातळ हल बाहेर ढकलतो, कापल्या जागी हळूहळू पाणी पितो आणि नंतर एखादी वायर बदलायची तर खोदूनच काढावा लागतो. पोहायला शिकताना वापरतात त्या फोमच्या नळ्या बंद छिद्रांच्या असतात, पाणी पीत नाहीत आणि हाताने काढता-घालता येतात. त्याच कापून नाकात आणि दोन्ही बाजूंना डेकला टेकून वर बसवल्या. फोम तळाशी ठेवला तर भरलेली बोट उलटी होते.

मग झाकण उघडं ठेवून बोट पिंपात पाण्याने काठोकाठ भरली. नाक आणि डेकचा पुढचा भाग पाण्यावर राहिला.

पुन्हा पाण्यात

आधी टब, मग गुडघाभर पाणी, मग तलाव. धार चांगली जाड येत होती. दर फेरीनंतर झाकण उघडून टिश्यू पाहायचा असा क्रम ठेवला. तो कोरडा राहिला.

काही आठवड्यांनी ईएससी तलावाच्या मध्यावर बंद पडला. बोट वाऱ्याने हळूहळू काठाला लागली. बोर्ड उघडल्यावर एका मॉस्फेटच्या (मोटरची वीज चालू-बंद करणाऱ्या चिपच्या) पायाखाली, ब्रश पोचत नाही अशा जागी, हिरवा थर दिसला आणि शेजारचा ट्रॅक जळालेला.

वेगळं काय करता आलं असतं

ईएससी ठेवण्याचा निर्णय टेबलावरच्या चाचण्यांच्या आधारावर घेतला होता, आणि त्या चाचण्या बोर्ड आत्ता चालतो एवढंच सांगतात. वीज चालू असताना भिजलेल्या बोर्डात गंज पुढेही चालू राहतो. रिसीव्हरला जो नियम लावला तोच इथे लावायला हवा होता: पांढरा किंवा हिरवा थर एकदा दिसला की तो भाग पाण्यावर जाणार नाही. काठाजवळ चालवण्याची अट काही दिवस पाळली गेली, मग सुटली. अशी अट कधी संपते हे ठरवलेलं नसलं तर ती आपोआप संपते.

नव्या ईएससीवर पहिल्या दिवशीच कॉन्फॉर्मल कोटिंगचे (बोर्डाला ओलीपासून वाचवणाऱ्या पातळ लेपाचे) दोन हात दिले, कनेक्टरच्या पिना आणि उष्णता बाहेर टाकणारा पत्रा सोडून.

नळीच्या बाबतीत, कडक झालेलं टोक बोट बुडायच्या कितीतरी आधी हाताला लागलं असतं. ईएससीकडचं टोक सर्वांत गरम असतं, त्यामुळे तिथली नळी बाकीच्यांपेक्षा लवकर म्हातारी होते. दर हंगामाला तेवढी एक बदलायची आणि पाण्यात सोडण्याआधी प्रत्येक जोड ओढून पाहायचा, असं आता ठरलंय.

फोम परत आल्यावर ५००० एमएएचची बॅटरी आत मावेना. मुलाने ३३०० एमएएचची घेतली. फेऱ्या कमी होतात म्हणून तो अजूनही कुरकुरतो, पण नाक हलकं झाल्याने बोट पूर्वीपेक्षा लवकर पाण्यावर उचलली जाते, हे त्यानेच मला दाखवलं.